लाकडी ठोकळे घेताना लाकडाआधी माप बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अडीच वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा आणि नुकताच रांगायला लागलेला. आधीचा रंगीत ठोकळ्यांचा डबा वर्षभरात कामातून गेला. रंगाचे पोपडे निघाले, कोपरे फुगले. आता चार हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. ऑनलाइन मिळणारा शंभर तुकड्यांचा सेट घ्यावा, सावंतवाडीहून आणावा, की इथेच कोल्हापुरात ओळखीच्या सुताराकडून सागवानात करून घ्यावा? आणि सगळ्यात टिकाऊ लाकूड कुठलं?

मी उद्यमनगरातला पॅटर्न मेकर. बीड म्हणजे ओतीव लोखंड ओतायच्या आधी ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा उठवतात, तो नमुना करणं हा आमचा मूळ धंदा. त्याच मशीनवर बालवाड्यांसाठी ठोकळे करून द्यायला लागलो, त्यालाही बरीच वर्षं झाली. शाळांकडून दुरुस्तीला येणाऱ्या पेट्या उघडल्या की मोडलेला तुकडा क्वचितच सापडतो. ठोकळे अख्खे असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. दोन खांब उभे केले आणि वर आडवी पट्टी ठेवली की ती डुगडुगते. पोरगं दोनदा प्रयत्न करतं, तिसऱ्यांदा उठून जातं. मग बाई म्हणतात, 'मुलं आता यात रमत नाहीत.' म्हणून लाकूड कुठलं हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न मापाचा.

त्याआधी एक गोष्ट. तुमच्या घरात खेळणारी मुलगी अडीच वर्षांची असली तरी खरेदी धाकट्याच्या वयाने करायची, कारण जमिनीवर जे पडेल ते तो तोंडात घालणार. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिमी व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू अख्खी मावते ती घशात अडकू शकते असं धरतात आणि ती या वयाला बाद होते. तुम्ही घरी जाड पुठ्ठ्याला तेवढं भोक पाडून बघू शकता. स्वस्तातल्या शंभर तुकड्यांच्या सेटमध्ये भरती याच बारीक तुकड्यांची असते. फोटोत ते मोठे दिसतात, म्हणून फोटो सोडून सेंटिमीटर वाचा. माँटेसरीच्या गुलाबी मनोऱ्याची गोष्टही तीच. त्यात एक ते दहा सेंटिमीटरचे दहा घन असतात आणि साहित्य म्हणून ते उत्तमच आहे, पण सर्वांत लहान दोन घन धाकटा मोठा होईपर्यंत कपाटात वर ठेवावे लागतील. शिवाय तो लहान-मोठं ओळखायला शिकवतो. घर, पूल, गोठा बांधायला तो नाही.

आता माप. बांधकामाच्या ठोकळ्यांचं जे माप जगभर बालवाड्यांत चालतं, ते न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेचं, १९१० च्या दशकातलं. या बाई स्वतः सुतारकाम शिकवायच्या, आणि १९१४ मध्ये त्यांनी काढलेली शाळा याच ठोकळ्यांसाठी ओळखली जाते. जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण एकास दोनास चार. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन सूत जाड. इंचाचे आठ सूत धरून हेच आपल्या सुताराच्या भाषेत सांगा: ११ सूत जाड, २२ सूत रुंद, ४४ सूत लांब. इतकं सरळ माप आहे की कागदावर लिहूनही द्यावं लागत नाही. बाकीचे सगळे तुकडे याच्याच पोटातले. अर्धा ठोकळा २२ लांब, दुप्पट ८८ लांब, उभा चिरला की ११ बाय ११ चा खांब. आणि ११ सूत म्हणजे ३५ मिमी, त्यामुळे यातला सगळ्यात बारीक खांबसुद्धा त्या नळकांड्यात जात नाही. धाकट्याची काळजी मापातच मिटली.

या प्रमाणाची गंमत खेळताना कळते. चार ठोकळे आडवे एकावर एक रचले की एका उभ्या ठोकळ्याएवढी उंची होते. दोन अर्धे शेजारी ठेवले की एक अख्खा. अडीच वर्षांच्या मुलीला यातलं काही सांगायचं नसतं. ती आत्ता ठोकळे एका ओळीत मांडेल, मनोरा करेल, पाडेल. तीनच्या आसपास दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल करेल, पुढे चारी बाजू बंद करून आत गाय किंवा गाडी ठेवेल. एक ठोकळा कमी पडला म्हणून दोन अर्धे उचलले आणि ते बरोब्बर बसले, की तिचं काम पुढे सरकतं. नाही बसले की काम थांबतं. शंभर तुकड्यांच्या सेटमध्ये दहा आकार असतात, पण त्यांचा एकमेकांशी हिशेब नसतो. तिथे हे कधी घडतच नाही.

सुताराकडे गेलात तर गडबड नेमकी कुठे होते ते सांगतो. सुतार ४४ सुताचा ठोकळा घेतो आणि मधोमध कापून दोन अर्धे करतो. गोल करवतीचं पातं साधारण तीन मिमी लाकूड खातं, म्हणजे जवळजवळ सूतभर. राहिले ४३, प्रत्येक अर्धा साडेएकवीस. हातात घेऊन कोणालाच फरक कळणार नाही, पण चार अर्धे लावून भिंत केली की दोन सूत कमी भरतात आणि वरची पट्टी बसत नाही. त्याला आधीच सांगा, की अर्धा ठोकळा अख्ख्यातून कापायचा नाही. कापण्याच्या मशीनवर २२ सुतावर आडकाठी लावून सगळे अर्धे एकाच सेटिंगला काढायचे. जाडीचंही तसंच. सगळ्या पट्ट्या एकाच बैठकीत जाडीच्या रंध्यातून काढायच्या, आज दहा आणि पुढच्या आठवड्यात दहा असं नाही. घासपेपर मारायला पोराला बसवलं की काही ठोकळे जास्त घासले जातात, काही कमी. म्हणून माप मशीनवर पूर्ण करून पेपर फक्त हातानं, हलका फिरवायचा.

तयार सेट दुकानात बघत असाल तर हीच परीक्षा तिथे करा. चार आडवे रचा, शेजारी एक उभा करा आणि वरून बोट फिरवा. नख अडकलं तर घेऊ नका. काटकोन तपासायचा गुण्या नसला तरी चालेल: दोन ठोकळे सपाट काउंटरवर पाठीला पाठ लावून उभे करा, मध्ये उजेडाची फट दिसली तर कोन चुकलाय. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

लाकडाचं मात्र बरंच काही परिस्थितीवर आहे आणि त्यात कोल्हापूरचा पाऊस मोठा. लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ते याचमुळे. ठोकळ्यात हे कसं दिसतं बघा: आषाढात ११ सुताची जाडी किंचित वाढते, ४४ ची लांबी तेवढीच राहते. उन्हाळ्यात बरोब्बर जुळणारे चार आडवे ठोकळे उभ्या ठोकळ्याच्या वर डोकं काढतात. थोडा फरक चालतो, पोरं तेवढं सांभाळून घेतात. पण लाकूड ओलं असताना कापलेलं असेल तर उलटं होतं. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये ते आकसतं, वाकतं, टोकाला चिरतं. ते मात्र सुधारत नाही.

तेव्हा सागवान की बीच (परदेशी लाकूड) या वादापेक्षा 'वाळलेलं आहे का' हे विचारा. पावसाळ्यात वखारीतून उघड्यावरचं लाकूड आणून त्याच आठवड्यात ठोकळे करून घेऊ नका. हिवाळा संपता संपता किंवा उन्हाळ्यात घ्या. घाई असेल तर सुताराला पट्ट्या मापापेक्षा दोन सूत जास्त चिरायला सांगा, मध्ये बारीक काड्या देऊन त्यांची थप्पी घरातल्या हवेशीर खोलीत लावा. एका पट्टीवर खूण करा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती दर चार दिवसांनी ठेवा. वजन कमी होत होत एका आकड्यावर थांबलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेला आलं. मग शेवटचं माप. आमच्याकडे ओलाव्याचं मीटर आहे, पण हा काटासुद्धा खोटं बोलत नाही.

आता जातींबद्दल. सागवान फुगतं-आकसतं कमी, गाभ्याला वाळवी-कीड सहसा लागत नाही, म्हणून लोकांचा जीव त्यावर. पण लहान तुकड्यात ते कोपऱ्याला टवका देतं, आणि वजनाला भारी आहे. एक ठोकळा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, दुप्पट साडेचारशे. बावीस इंची चौपट पट्टी पाऊण किलोच्या वर जाते. अडीच वर्षांच्या मुलीच्या पायावर किंवा रांगणाऱ्याच्या डोक्यावर ती पडली तर काय, ते तुम्हीच बघा. तुमच्या घरासाठी मी शिवण या झाडाचं लाकूड सुचवेन. हलकी, पावणेदोनशे ग्रॅमच्या आत ठोकळा. शांत लाकूड; वळत नाही, चिरत नाही, रंध्याला सुरेख. आमच्या पॅटर्नच्या कामालाही ती चालते. मऊ असल्यामुळे वापरून तिच्यावर खड्डे पडतील. ते पडू द्या. बोथट खड्ड्याने माप बिघडत नाही आणि कुसळही निघत नाही. सागवानाचा टवका मात्र टोचतो.

ऑनलाइनचे चांगले सेट बरेचदा बीच, रबरवुड किंवा पाइनचे असतात. बीच घट्ट, गुळगुळीत, मुलांना उत्तम. फक्त दमट हवेत सागवानापेक्षा साधारण दुप्पट हलतं, तेव्हा ते सेट कोरड्या जागी ठेवा. रबरवुडला मुळात भुंगा पटकन लागतो, म्हणून कारखान्यात त्यावर बोरॅक्सची प्रक्रिया करतात. ते केलेलं असेल तर लाकूड चांगलं. आंब्याचं लाकूड स्वस्त म्हणून सुतार सुचवतो. त्यातही कीड लवकर शिरते आणि पेटीत पिठासारखा भुसा पडायला लागतो. कडुनिंब चालतो, चव कडू लागते म्हणून धाकटा पहिल्याच दिवशी सोडून देईल, यात तोटा काही नाही. बाभूळ जड आणि चिरणारी. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नकोच. तुमच्या आधीच्या सेटचे कोपरे फुगले म्हणालात, तो बहुधा एमडीएफच होता. लाळ आणि पाणी एकदा आत गेलं की भुशाचा तो लगदा पूर्वपदावर येत नाही.

आणखी एक पर्याय: वाडा पाडल्यावर निघालेलं जुनं सागवान. इतकं मुरलेलं लाकूड आज विकत मिळणं कठीण. पण त्यात खिळे अडकलेले असतात आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. रंगाचा सगळा थर सुताराच्या शेडमध्येच, मुलांपासून लांब, रंध्याने उतरवला आणि आतलं स्वच्छ लाकूड निघालं तरच घ्या. घरी बसून पेपरने घासायचं नाही, त्याची धूळ उडते.

सुताराला सांगायची अजून एक गोष्ट: लाकडाची रेघ ठोकळ्याच्या लांबीने जायला हवी. उरलेल्या आडव्या फळीतून ठोकळे काढले तर ते कधीतरी आपटून मधोमध फुटतात. कमानीचे पाय आणि त्रिकोणाची टोकं रेघेत आखूड पडतात, तिथून तुकडा उडतो. म्हणून टोक थोडं बोथट करून घ्या. कडा अर्ध्या सुताएवढ्याच मारायच्या. काही सुतार 'लहान मुलांसाठी' म्हणून कडा साबणाच्या वडीसारख्या गोल करून देतात; मग ठोकळ्यावर ठोकळा नीट बसत नाही आणि पाच थरांवर मनोरा जात नाही.

सावंतवाडीचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून सांगतो. तिथलं लाखेचं काम चरकावर, म्हणजे लेथवर होतं. तुकडा फिरत असताना लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांचंही तसंच. ही रीत गोल, कातीव वस्तूंची आहे: भोवरा, खुळखुळा, भातुकली, लहान बाळाच्या रिंगा. चपट्या ठोकळ्याला ती लागू पडत नाही, तिथे रंग हाताने किंवा फवाऱ्याने द्यावा लागतो. तेव्हा गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरून जाणं झालंच तर धाकट्याला लाखेचा खुळखुळा आणा, जरूर आणा. बांधायचे ठोकळे तिथून आणायचं कारण मला दिसत नाही.

रंग लावूच नका, असं माझं मत आहे. रंगवलेले ठोकळे सुंदर दिसतात, पण कडेवरचा रंग आधी जातो आणि तीच कड तोंडात जाते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, १ नोव्हेंबर २०१७ पासून. औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत, आणि आपल्याकडे वर्कशॉपमध्ये उरलेला मशीनचा किंवा पॅटर्नचा रंग हाताशी असतोच. 'साहेब, आहे तोच मारून देतो,' असं कोणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा.

बिनरंगी ठोकळ्याला १२० आणि मग २२० नंबरचा पेपर मारून जवसाचं तेल द्या. खायचं, कच्च्या घाणीचं. हार्डवेअरमधल्या डब्यातलं 'बॉइल्ड' तेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी रसायनं मिसळलेली असतात. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने पुसून काढायचा, हवेत ठेवायचा. कच्चं तेल सावकाश सुकतं, दोन-तीन आठवडे जातील. तोवर ठोकळे मुलांच्या हाती नकोत. वर मधमाशीचं मेण चोळलं तर पाणी आणखी कमी शिरतं. खोबरेल लावू नका, ते सुकत नाही, चिकट होऊन खवट वास येतो. जवसाच्या तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. उघडं पसरून वाळवा, मगच टाका.

तयार सेट घेणार असाल तर पेटीवर आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे आणि लाकडी खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक लागतं. हस्तकलेच्या सरकारी कार्यालयात नोंद असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे अशा कारागिराच्या वस्तूवर खूण नसली म्हणजे ती वाईटच असं नाही. ओळखीच्या सुताराकडून घरापुरतं करून घेतलेल्याला खूण मिळणार नाही. तिथे तपासणी तुमचीच: माप, कड, तेल.

किती घ्यायचे? चार हजारांत शंभर तुकड्यांचा मोह सोडा. सोळा अख्खे, बारा अर्धे, चार दुप्पट, चार खांब आणि चार त्रिकोण, एवढ्याने सुरुवात करा. हे चाळीस तुकडे एका मुलीला वर्षभर पुरतात. चौपट पट्ट्या आणि कमानी ती चारची झाल्यावर. यात निव्वळ लाकूड अर्ध्या घनफुटाच्याही आत जातं, चिराई आणि रंध्याची घट धरून पाऊण घनफूट मागवा. दर वखारीत रोज वेगळा ऐकू येतो, म्हणून आकडा सांगत नाही. पण सागवानाचा हट्ट धरलात तर याच पैशांत अख्खे ठोकळे सोळाचे दहा होतील, आणि दहा ठोकळ्यांत खेळ अडतो. शिवण घ्या, सोळा घ्या.

सांभाळणं फार नाही. ओल्या फडक्याने पुसा, बादलीत भिजवू नका, धुऊन गच्चीवर एप्रिलच्या उन्हात तर अजिबात ठेवू नका. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या ठोकळ्यांना बुरशी धरते. फळांचा लाकडी खोका किंवा उघडी फळी बरी. दिवाळीत हे ठोकळे किल्ल्यावर जाणारच आहेत, पन्हाळ्याची तटबंदी म्हणून मातीत अर्धे गाडले जातील. जाऊ द्या. माती सुकली की ब्रशने झाडा, सावलीत वाळवा आणि पुन्हा तेलाचा एक हात मारा.

शेवटची गोष्ट सुताराच्या शेडमधून निघताना. सगळ्यांत नेमका आलेला एक अख्खा ठोकळा बाजूला काढा, त्याला तेल लावू नका, पाठीवर पेन्सिलने लाकडाची जात आणि महिना लिहून कपाटात ठेवा. आम्ही याला मास्टर म्हणतो. दोन वर्षांनी धाकटा खेळायला लागला आणि आणखी वीस ठोकळे हवे झाले, तर सुतार तोच असेल याची खात्री नाही. नव्या माणसाच्या हातात मास्टर द्यायचा आणि म्हणायचं, याला लावून बघून जुळतील तेवढ्यांचेच पैसे देईन.